आतोबांचे दोन सांधे

काळजी करण्यात आमच्या आतोबांचा हात धरणारा माणूस दौंड ते मनमाड या साऱ्या टापूत सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. याच मार्गावरच्या एका आडबाजूच्या स्टेशनावर त्यांनी मास्तरकी केली आणि पेन्शनीत निघाल्यावर नगरला बिऱ्हाड थाटलं. पत्र पेटीत टाकलं की ते तिथेच उभे राहत, पोस्टमन येऊन पत्र थैलीत पडलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत. एकदा पोस्टमन कंटाळून म्हणाला, "मास्तर, माझ्या हातातच देत जा ना!" आतोबा गंभीर झाले. "आणि तुम्हीच वाटेत चक्कर येऊन पडलात म्हणजे?" आत्याला शिंक आली तरी आमच्याकडे कार्ड यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं : 'आज शिंक नाही. का नाही, कळत नाही.'

अशा माणसाने घरात रेल्वे काढावी, हे आत्याचं नशीब. माजघरात तीन फळ्या जोडून त्यावर पत्र्याचे रूळ, चावीचं इंजिन आणि चार डबे. लढाई नुकतीच संपली होती आणि मुंबईत अशा वस्तू पुन्हा दिसू लागल्या होत्या. मी तिथे नोकरीला असल्याने खरेदी माझ्याकडे. गाडी गोल फिरत होती तोवर ठीक होतं. पण आतोबांना मालगाडी उभी करायला बाजूची लाईन हवीशी वाटली, आणि गाडी एका लाईनीवरून दुसरीवर वळवायची तर सांधा हवा. सांध्याच्या दोन जिभा सरकून रुळाला घट्ट चिकटल्या की गाडी वळते; केसभर फट राहिली की घसरते. मी दुकानातून तयार सांधा पाठवला. पण तेवढ्या अवधीत आतोबांनी स्वतःच पितळी पट्ट्या कानशीने घासून, डाख देऊन जोडून दुसरा सांधा करायला घेतला होता. आता समोर दोन सांधे, आणि कुठला बसवायचा हे ठरेना.

महिनाभर पत्रं येत राहिली. 'तयार सांध्याचं वळण फार आवळ आहे, शेवटचा डबा बिचकतो.' 'हातच्या सांध्याचं वळण ऐसपैस आहे, पण जीभ बसते की नाही याची खात्री नाही.' 'काल तयार बसवला. आज काढला.' शेवटी आत्याचंच कार्ड आलं : 'जेवण सुटलंय. ये आणि दोन्ही विहिरीत टाक.'

मी गेलो. आतोबा खरंच वाळले होते. "आतोबा, खेळण्यातली गाडी ती. कुठलाही लावा," मी म्हणालो.

"तयार सांध्यावर गाडी घसरली तर करणाऱ्याची चूक म्हणता येतं," ते म्हणाले. "पण तो करणारा कोण, कुठला? त्याला विचारायचं कसं? आणि हातच्या सांध्यावर घसरली तर..." मग एकदम म्हणाले, "रंभाजीला दाखवू या."

रंभाजी त्यांच्या स्टेशनावरचा जुना सांधेवाला. नोकरी गेल्यावर तो देवळाली प्रवरा इथे भावाच्या उसात राबत होता. त्याची नोकरी का गेली, हे घरात कुणी बोलत नसे.

राहुरीपर्यंत गाडीने आणि पुढे टांग्याने गेलो. दोन्ही सांधे वेगवेगळ्या धोतरांत गुंडाळून आतोबांनी मांडीवर धरले होते. रंभाजी उसाला पाणी देत होता. खोरं टाकून तो धावत आला. "सायेब! तुमी हितं?"

आतोबांनी बांधावरच दोन्ही सांधे मांडले. रंभाजीने हात पुसले, उकिडवा बसला आणि दोन्हींच्या जिभा चार-चार वेळा सरकवून पाहिल्या.

"ह्यो दुकानाचा दिसाया लई गुळगुळीत हाय. पर जीभ पत्र्याची, वाकंल. तुमचा टिकंल. पर आजून बसत न्हाई."

"बसत नाही ना?" आतोबा म्हणाले. "तसंच त्या दिवशी तू सकाळी येऊन म्हणालास, जीभ बसत न्हाई, वर कळवा. मी उद्या लिहितो म्हणालो. दुपारी मालगाडीचे दोन डबे उलटले. चौकशीला साहेब आले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास, रंभाजी. आणि मी म्हणालो, मला काही सांगितलं नव्हतं."

उसाला सोडलेलं पाणी पाट फोडून भलतीकडेच चाललं होतं, पण रंभाजी उठला नाही.

"लई वरसं झाली, सायेब," तो हळूच म्हणाला. "पर तवा बोलला असता तर बरं झालं असतं."

मग त्याने पितळी सांधा उचलून उजेडात धरला. "घरी कानस हाय का?"

तो आमच्याबरोबर नगरला आला आणि चार दिवस राहिला. दोघं माजघरात समोरासमोर बसून जीभ घासत. आतोबा कानस ओढत, रंभाजी बोटाने चाचपून म्हणे, "आजून. आजून जरा." चौथ्या दिवशी सकाळी सांधा फळीवर बसला. रंभाजी पालथा झोपला आणि जिभेला डोळा लावून ओरडला, "बसली! सोडा गाडी!" आतोबांनी चावी दिली तेव्हा आत्या पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. इंजिन खडखडत आलं, वळलं. एक डबा, दोन, तीन. चौथाही वळला आणि गाडी बाजूच्या लाईनीवर उभी राहिली. आतोबांनी डोळे मिटून घेतले होते. "आली का?" त्यांनी विचारलं.

"आली, सायेब."

दुपारच्या गाडीला आम्ही रंभाजीला पोचवायला गेलो. तो डब्यातून हात हलवत राहिला, आतोबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

"चार दिवस मांडीला मांडी लावून जेवलो," परतताना ते म्हणाले. "दोनदा सांगितलं त्याला, नावाने हाक मार. पण शेवटपर्यंत साहेबच म्हणत गेला रे."