कोक्याच्या रस्त्यावरची बोहनी

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मानणारा माणूस मी नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच नवस, उतारे, अंगारे सगळे घराबाहेर गेले. जुने ट्रॅक्टर घेणं-विकणं हा माझा धंदा, तोही कोणाच्या आधाराशिवाय उभा केलेला. इंजिनचा आवाज ऐकून मी भाव सांगतो. मला भास होत नाहीत. तरी हे लिहितोय, कारण माझा साळा दर लग्नात चार लोकांसमोर हसत सांगतो — "भाऊजी रस्ता चुकले अन् भुताच्या नावानं बिल फाडलं!" तो गाडीत नव्हता. मी होतो.

कोका अभयारण्य जाहीर होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मे महिना, नवतपा चालू, म्हणजे वर्षातले सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. या दिवसांत पाणवठ्यावर जनावर हमखास दिसतं, म्हणून मी, बायको सुनंदा, आई आणि सात वर्षांची पायल असे वरठीहून निघालो. दुपारची सफारी गाठायची होती. गाडी जुनी, एसी बंद. भंडारा मागे पडल्यावर सागाच्या झाडांवर एक पान नाही, रस्ताभर नुसता पाचोळा. एका तळ्यात तर भेगा पडलेली मातीच उरलेली.

अभयारण्याचं गेट जवळ आलं असेल... तेवढ्यात एका वळणावर मोहाच्या झाडाखाली एक बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. टोपलीत टेंभरं — तेंदूची पिवळी, गोड फळं. पायलनं हट्ट धरला. मी उतरलो.

"कशी दिली, बाई?"

तिनं भाव सांगितला. मी सवयीनं निम्मा केला.

"घ्या ना भाऊ. बोहनी हाये."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. तरी मी थबकलो. निम्म्याला कोणी एका झटक्यात हो म्हणत नाही. मी त्याच्याही निम्मा केला.

"घ्या ना भाऊ."

आवाज तोच. रागही नाही, लाचारीही नाही. जो लगेच हो म्हणतो त्याच्या मालात खोट असते, हे मी धंद्यात शिकलोय. माझं डोकं फिरलं.

"मंग फुकटच दे ना!"

"घ्या ना भाऊ," म्हणून तिनं टोपली पुढे केली.

"किडकी असतीन सारी," असं म्हणत मी गाडीत बसलो आणि रागात असा झटका मारला की चाकं जागीच फिरली, पाचोळा उडाला, आणि मागे पाण्याची कॅन आडवी झाली. झाकण निघाल्याचं कळलं तेव्हा कॅन रिकामी होती.

पुढच्या वळणावर मोहाखाली ती बाई बसली होती.

"अहो, हे तीच हाये ना?" सुनंदा म्हणाली.

"या सीजनमध्ये गावोगावच्या बाया बसतात. तू चूप बस."

त्याच्या पुढच्या वळणावरही ती होती. आणि तिच्यासमोर रस्त्याच्या कडेला पाचोळा उडून माती उघडी पडलेली, त्यात चाकं जागीच फिरल्याचे खड्डे. माझ्या टायरचे. मी गाडी कुठेच वळवली नव्हती. मग वळवली. परत भंडाऱ्याच्या दिशेनं निघालो... पहिल्याच वळणावर मोहाचं झाड, टोपली, ती.

तोवर पायलला उलटी झाली. अंग तव्यासारखं, आणि घामाचा एक थेंब नाही. आमच्याकडे ऊन लागून माणसं मरतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. मोबाईलला रेंज नव्हती.

"पायल... ए पायल... अहो, पोरगी बोलून नाई राहिली!"

आई मागच्या सीटवरून पुढे वाकली. "बाबू, गाडी थांबव. बोहनी तोडून आला तू."

"आई, हे आता बोलायची येळ हाये का? अन् आपण कधीपासून हे मानाले लागलो?"

"देवाधर्माचं नाई बोलून राहिली मी. मी उभी जिंदगी बाजारात भाजी विकली. भाव तू केला, तिनं मानला, मंग माल काहून नाई उचलला? जा, उचल."

मी उतरलो. खिशात हात घालून हाती लागल्या तेवढ्या सगळ्या नोटा तिच्यापुढे धरल्या. तिनं मान हलवली.

"ठरलं ते ठरलं, भाऊ."

मी डोक्याचा दुपट्टा सोडून पसरला. तिनं टोपली त्यात ओतली आणि उजवा तळवा पुढे केला. नोटा ती घेत नव्हती. मी रिकामा हात तिच्या तळव्यावर ठेवला... काहून ठेवला, ते मला आजही सांगता येत नाही. तळवा थंड होता. मी हात काढला तशी तिनं मूठ मिटली, ती कपाळाला लावली, दोन्ही डोळ्यांना लावली, जसे विकणारे बोहनीचे पैसे लावतात. मग मुठीतलं पदराच्या टोकात बांधलं. मी अगदी जवळ उभा होतो. गाठ फुगलेली होती.

गाडी पुन्हा वळवून निघालो, तर पुढचं वळण संपताच गेट. तिथल्या माणसांनी पायलला सावलीत घेतलं, ओली पोती अंगावर टाकली, पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. नंतर दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. आईनं त्या टेंभरांतलं एकही वाया जाऊ दिलं नाही. किडकं एकही निघालं नाही.

साळा म्हणतो, उन्हानं तुमचंच डोकं फिरलं होतं. असेलही. मग सुनंदाला आणि आईला तीच बाई कशी दिसली, हे त्याला विचारलं की तो विषय बदलतो.

पायल आता बारावीला आहे, ठणठणीत. आमच्यापैकी कोणाला काही झालं नाही, धंदाही चालू आहे. मी सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय, कुठे काही कमी झालेलं सापडत नाही. सौद्यात समोरच्यानं काय नेलं हे मला कळलं नाही, असं आयुष्यात एकदाच घडलं. त्या गाठीत काहीतरी होतं, आणि ते माझ्या हातातून गेलं होतं.