अक्का ब्रसेल्सला जेवली

अक्का कुठल्याही हॉटेलात शिरली की टेबलाकडे जायची नाही, थेट भटारखान्याकडे जायची. पातेल्यावरचं झाकण काढायला लावायची, वाकून वास घ्यायची आणि मग ठरवायची, बसायचं की निघायचं. धुळ्याच्या आसपासच्या ढाब्यांवर यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिथे गिऱ्हाईक चुलीपाशी उभं राहूनच शेवभाजीचा रस्सा पाहतं. पण अक्काने ही सवय ब्रसेल्सलाही आणली.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. तिचे यजमान, आमचे भाऊजी, नरडाण्याला कारखान्यात होते. ते गेले तेव्हा मी ब्रसेल्सहून आलो नाही. कामाचं कारण सांगितलं. ते कारण खरं होतं, पण न येण्याइतकं खरं नव्हतं. त्यानंतर अक्काचं जेवण सुटलं. शेजारच्या मंगलाताईंनी फोन केला, "भाऊ, अक्का निस्ती चहावर आहे. असंच चाललं तर अंथरूण धरेल." मी तिला तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आणलं. ती जेवली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

मला स्वयंपाक येत नाही. लग्न टिकलं नाही, आणि एकटा माणूस लॅपटॉपसमोर बसून काहीही खातो. अक्कालाही परक्या ओट्यापाशी उभं राहायची इच्छा उरली नव्हती. म्हणून मी तिला बाहेर नेऊ लागलो. त्या शहरात साऱ्या जगाचे साहेबलोक येऊन राहिलेत, त्यामुळे साऱ्या जगाची चूलही तिथे आहे. इटालियन झालं, लेबनीज झालं, थाई झालं.

माझ्या ऑफिसजवळच्या इटालियन हॉटेलात ती आत घुसली तेव्हा तिथला धिप्पाड आचारी हसला आणि त्याने स्वतःच झाकण उचललं. "रंग चांगला शे," अक्काने त्याला आपल्या अहिराणीत सांगितलं, "पण तेल उलसं कमी." मी वेटरची माफी मागत होतो. टेबलावर आल्यावर तिला म्हणालो, "अक्का, इथे असं आत जात नाहीत."

"मंग आपन काय खाई राहिनूत, ते कसं समजी?"

दोन घास खाऊन तिने ताटली सरकवली.

ती जेवायची नाही, पण जेवणाऱ्यांकडे बघत बसायची. एका संध्याकाळी चौकातल्या खुर्च्यांवर माणसं खच्चून भरली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "बापू, ताट येगळं, पाणी येगळं. मंग एका टेबलवर बसतस कसाले?" मी हसलो. ती हसली नाही.

दुसरा महिना संपत आला आणि तिच्या हातातली पाटली कोपरापर्यंत सरकायला लागली. मला भीती वाटली असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे मी कॅलेंडर बघत होतो. ती माझ्या घरात असताना काही होऊ नये, असं मनात यायचं.

मग एका रविवारी इथिओपियन हॉटेलात गेलो. मालकीण अल्माझ, माझ्याच वयाची. अक्का सवयीने आत गेली ती बाहेर येईना. जाऊन पाहतो तर अल्माझ परातीएवढ्या मातीच्या तव्यावर पीठ गोल ओतत होती आणि अक्का कंबरेवर हात ठेवून उभी. "खापर शे, बापू! निस्तं पालथं नही."

खापर म्हणजे पालथ्या मडक्यासारखं भांडं. त्यावर आमच्याकडे पुरणाचे मांडे भाजतात. भाऊजी होते तोवर लग्नघरातून अक्काला त्यासाठी बोलावणं यायचं. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांवर मांडा कसा पसरवायचा ते रिकाम्या हवेत करून दाखवलं. अल्माझनेही तसेच हात नाचवले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

ताट आलं ते दोघांत एक. मोठी मऊ पोळी अंथरलेली, तिच्यावरच डाळ, पालेभाजी, कोबी. "आंबट शे," अक्का म्हणाली, आणि जेवत राहिली. बोटांनी डाळ माझ्या बाजूला सारत राहिली. जेवायला आणलं होतं तिला, आणि ढीग माझ्यापुढे वाढत होता.

पुढचे सगळे रविवार तिथेच गेले. एकदा तिने पुरण करून नेलं. सपाट तव्यावर मांडा चिकटला, फाटला. त्या चिंध्या दोघींनी उभ्या उभ्याच खाल्ल्या. हळूहळू ती घरीही भात लावू लागली. मंगलाताईंना फोनवर सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं.

विमानतळावर तिने माझी कॉलर नीट केली. "मी आते जेवसू. तू कोनासंगे जेवशी?"

"ऑफिसात असतात ना लोक."

"असतस," ती म्हणाली आणि रांगेत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं.

धुळ्याला ती जेवत होती, चालत-फिरत होती. या हिवाळ्यात झोपेतच गेली. या वेळी मी आलो. सगळे दिवस केले, लोकांनी वाढलं ते खाल्लं. रडू आलं नाही, दुसरंही काही आलं नाही.

परतल्यावर रविवारी अल्माझकडे गेलो. तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी मान हलवली. ती आत गेली आणि दोघांचं ताट घेऊन आली. एकच माणूस आहे, मी म्हणालो. तिने ऐकलं नाही. हात धुतले, समोरची खुर्ची ओढली आणि माझ्या ताटात जेवायला बसली. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी उठली नाही.

चव काही लागली नाही. पण ताट संपेपर्यंत मी बसलो.