अंगाला विचारणारा डॉक्टर

आमच्या चांदूर बाजारात एक डॉक्टर असे होते, की माणूस रक्तबंबाळ होऊन आला तरी ते आधी घोड्याची चौकशी करत. धनुर्वाताची लस तेव्हा घोड्याच्या रक्तापासून बनायची. ती पूर्वी टोचली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न. गावानं नाव ठेवलं घोडाडॉक्टर.

साठ सालानंतरची गोष्ट. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे माणूस दारात दिसला की सुई दंडात. लोक खुश. आमचे हे मात्र आधी मनगटाजवळ थेंबभर टोचून बसवून ठेवत. म्हणत, "अंगाला विचारून घेऊ." अंग काय तलाठी आहे, त्याची परवानगी घ्यायला?

एकदा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, माझ्या पायात घुसली. माझा चुलता असाच धनुर्वातानं गेला होता, म्हणून तडक त्यांच्याकडे गेलो.

"ही लस पूर्वी घेतली होती?"

"नाही जी. तुमच्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरचं तोंड पायलं नाही आमी."

घेतली होती, परतवाड्याला. पण एका डॉक्टरच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव काढायचं, ही काय माणसाची रीत झाली? आमच्याकडे कोणीच काढत नसे.

थेंब टोचला आणि मनगटावर पुरीएवढी गांध उठली. डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात, भाऊ. तुमचं अंग खोटं नाही बोललं."

"सोडा ना जी. टोचा अन् मोकळं करा मले."

"एकदम टोचलं तर मोकळे व्हालच. कायमचे."

मग पाय ठणकत असताना त्यांनी मला शाळा शिकवली, जी मी दुसरीत सोडली होती. म्हणे कातडीखालच्या पेशींत जहाल रसाच्या पोटल्या असतात. पेशीवर मागच्या लशीपासून घोड्याला ओळखणारे पहारेकरी बसलेले. ते ओरडले की आतले एन्झाइम जागे होतात आणि पोटल्यांची तोंडं सुटतात. सगळ्या एकदम सुटल्या की श्वास कोंडतो. "नव्या पुस्तकात एवढंच आलंय. या एन्झाइमांना आवरतं कोण, ते अजून धड कळलेलं नाही."

"म्हंजे तुमाले बी नाही?"

"मलाही नाही. म्हणून हळू जायचं."

हळू म्हणजे किती हळू! पाण्यात पातळ केलेली लस मुंगीच्या घोटानं टोचायची, नाडी धरून बसायचं, मग पुन्हा. दुपारी माझा घसा दाटला, छातीत शिट्टी वाजू लागली. बाजूला भरून ठेवलेली उताऱ्याची सुई त्यांनी झटकन मारली. दम परत आला. मी म्हटलं, "पुरे झालं." ते म्हणाले, "आणखी थोडी कमी करून बघू."

बाहेरचे पेशंट शिव्या घालत दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. "जा ना जी, गिऱ्हाईक चाललं तुमचं," मी म्हटलं. त्यांनी माझी नाडी काही सोडली नाही. दिवे लागायच्या वेळी पूर्ण लस अंगात गेली, आणि मी चालत घरी गेलो.

असा दवाखाना चालतो कुठे? पुढच्या दिवाळीला त्यांनी अकोल्याची नोकरी धरली. त्यांचं कपाट माझ्याच बैलगाडीतून मोटारस्टँडवर नेलं. तिथं तोंडावर सांगितलं, "तुमाले धंदा जमला नाही, डॉक्टरसाहेब."

"नाही जमला," ते हसले. "पण हे ऐकवायला तुम्ही आहात ना."

"परतवाड्याच्या डॉक्टरकडे घेतली होती जी, ती लस," मी म्हटलं. मोटार निघून गेली. एका डॉक्टरच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव मी त्याआधी काढलं नव्हतं, नंतरही नाही.