पहिल्या प्रतीचं लिव्हर

माझी वहिनी अर्लेत दाबेझी हिनं आयुष्यभर दोनच कामं मन लावून केली. एक बदकं भरणं आणि दुसरं माणसं भरणं. मी तिची नणंद ओदिल. आमची दोघींची दारं एकाच अंगणात उघडतात, त्यामुळे ही दोन्ही कामं मी सेहेचाळीस वर्षं जवळून पाहिली आहेत. दुसऱ्या कामाचा नमुना तर मी स्वतःच आहे. मी टपालाची पिवळी गाडी चालवायची. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं होतं, "ओदिलबाई, गाडी चालकाच्या बाजूला एवढी कशी कलली?" ती वहिनीच्या हातच्या जेवणानं कलली होती.

आमच्याकडे बदकं बारा आठवडे कुरणात मोकळी हिंडतात. गवत खातात, एकमेकांच्या चुगल्या करतात. शेवटचे तेरा-चौदा दिवस, कलेजी चरबीनं फुगावी म्हणून, ती कोठीत येतात. वहिनी सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसते, एकेक बदक गुडघ्यांत धरते आणि नरसाळ्यानं मका त्याच्या घशाखाली उतरवते. उतरवताना त्याची ख्यालीखुशालीही विचारते. मग बरगडीखाली तळहात लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "पहिली प्रत," "दुसरी," नाहीतर "अजून दोन दिवस." सोमवारच्या बाजारात कलेजी काट्यावर चढली की तिचा निकाल दहा ग्रॅमनंही चुकलेला नसतो. शहरातली माणसं कधीकधी या भरण्यावरून भांडायला येतात. वहिनी त्यांना जेवायला बसवते आणि भांडण तिथंच मिटतं.

माझा भाऊ गेल्यापासून वहिनीच्या आठवड्याला एकच खरा दिवस उरला होता, बुधवार. बुधवारी शाळा नसते. तिची मुलगी नादेज कामावर जाता जाता नातीला आमच्या अंगणात सोडायची. नात मायलिस बारा वर्षांची, गोल गरगरीत आणि हसरी. तिच्याच उंचीचा ट्रॉम्बोन घेऊन ती फिरायची आणि अंगणात शिरतानाच तो फुंकायची. वहिनी मंगळवारी दुपारपासून ओट्याशी उभी असायची.

मागच्या हिवाळ्यात मायलिसला सारखा थकवा यायला लागला. रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे चढलेले. मग तुलूझच्या इस्पितळात मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. शहरातल्या गर्दीत गाडी घालायची हिंमत आमच्यात मलाच, म्हणून आम्ही चौघी गेलो.

डॉक्टरबाई तिशीच्या, ब्रिटनीकडच्या, बोलायला मऊ. सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून म्हणाल्या, "घाबरू नका, पण मायलिसच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीय."

नादेजचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. वहिनी मात्र खुर्ची पुढं ओढून बसली.

"किती ग्रॅम?"

"काय म्हणालात?"

"वजन हो. अंदाजे सांगा."

"आजी, आम्ही लिव्हरचं वजन नाही करत."

"मग निकाल कशाच्या जोरावर देता?" वहिनी म्हणाली. "मायलिस, हात वर कर गं."

मी मध्ये पडायच्या आत तिनं नातीच्या उजव्या बरगडीखाली तळहात लावला होता आणि डोळेही मिटले होते. "पहिली नाही," ती म्हणाली. "दुसरी प्रत. कड अजून मऊ आहे."

डॉक्टरबाईंनी कागदाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "अहवालात 'मध्यम' असं लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"मग मी वेगळं काय सांगितलं?"

मायलिसला हसू आवरेना. नादेज मात्र ओरडली, "आई! बदक आहे का ती?"

डॉक्टरबाईंनी मग सगळं नीट सांगितलं. दुखत नाही म्हणून कळत नाही. असंच चालू राहिलं तर लिव्हर आतून कडक व्हायला लागतं, मग मागं फिरणं अवघड. आत्ता मात्र फिरता येईल. औषध नाही. गोड पेयं बंद, साधं जेवण, रोज अंग हलवायचं, आणि सहा महिन्यांनी परत यायचं.

परतीच्या वाटेवर नादेज मागच्या सीटवरून म्हणाली, "सहा महिने देते, आई. नाही उतरलं तर बुधवार बंद. सुट्टीच्या दिवशी मुलं सांभाळतात त्या केंद्रात घालीन तिला."

"मी काय केलं गं? बदकाची चरबी तिला वासालासुद्धा देत नाही मी! तुझ्या त्या टीव्हीवाल्यांनी सांगितल्यापासून तिच्यासाठी सगळं हलकंच आणते."

"तूच भरवतेस ना?"

यावर वहिनी गप्प बसली. तिला गप्प बसलेलं मी सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या नादात वळण चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोठीत बदकं भरत होती. मी पाट्या धूत होते. एकाएकी तिचा हात नरसाळ्यावरच थांबला. गुडघ्यातलं बदकही वर बघायला लागलं.

"ओदिल, मी बदकाला कधी चरबी घातलीय?"

"कधीच नाही."

"मग त्याच्या कलेजीत चरबी येते कुठून?"

"मक्यातून. हे काय मला विचारतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बदक माझ्या हातात कोंबून एप्रनसकट स्वयंपाकघरात धावली. मी बदक घेऊन मागोमाग. तिनं मायलिसच्या खाऊचं, बुधवारचं कपाट उघडलं, चष्मा लावला आणि एकेक डबा काढून वाचायला लागली. कुरकुरीत पोह्यांचा डबा: मका. सरबताची बाटली: मक्याचा साखरपाक. रंगीत गोळ्या: तोच पाक. गोड पावांवर तोच, बिस्किटांवर तोच. शेवटी मक्याच्या लाह्यांची भलीमोठी पिशवी निघाली. ती मीच आणलेली होती, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे तर माझंच नरसाळं आहे गं," वहिनी म्हणाली आणि मटकन खाली बसली. "चरबीला भ्यायले आणि मका विसरले. दुसरं कुणी विसरलं असतं तर समजलं असतं. मी विसरले! मी!" ती रडली. एप्रन तोंडाला लावून, हुंदके देऊन रडली. माझेही डोळे भरून आले, पण बदकामुळे पुसता येईनात.

मग ती रडता रडताच थबकली. "माझं मनगट मोडलं होतं ते साल आठवतं तुला?"

न आठवायला काय झालं! शिडीवरून पडून वहिनीचा हात प्लास्टरमध्ये गेला होता. वीस बदकं अर्धी भरून झालेली, आणि पुढं भरायला कुणी नाही. माझं बोट एका बदकानं असं धरलं होतं की मी त्या कोठीचं नाव टाकलं. नाइलाजानं वीसही परत कुरणात सोडली. महिन्याभरानं पाहिलं तर कलेज्या मूठभर, तपकिरी, रानबदकासारख्या. वहिनी वर्षभर त्या नुकसानीची रड गात होती.

"उतरतं, ओदिल! या डोळ्यांनी पाहिलंय मी! भरणं थांबवलं, कुरणात सोडलं की उतरतं!" तिनं मला, माझ्या हातातल्या बदकासकट, टेबलाभोवती तीन गिरक्या घ्यायला लावल्या. पैकी दोन बदकाला आवडल्या नाहीत, हे माझ्या झग्यावरून कळलं.

पुढच्या बुधवारी मायलिसच्या पानात भाजीचं सूप, अंडं, हिरवा पाला आणि एक सबंध सफरचंद आलं. सोबत पाणी.

"आजी, हे काय?"

"कुरणातलं जेवण."

"मी बदक नाहीये!"

"दिसतंच आहे. बदकं एवढी कुरकुर करत नाहीत."

जेवण झाल्यावर वहिनीनं तिला सांगितलं की आजपासून बुधवारी कळप ओढ्यापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, तोही दोनदा. ओढा उताराच्या तळाशी आहे. मायलिस रुसून ट्रॉम्बोन घेऊन निघाली आणि रागारागानं तो फुंकला. साठ बदकांनी एकदम माना वर केल्या आणि तिच्यामागं रांग धरली. येताना चढण सुरू होताच तिचा दम संपला, सूर तुटला, आणि बदकांनी गावच्या मेयरांच्या मळ्यात घुसून सॅलडचे दोन वाफे फस्त केले. मेयर एका बुटात धावत आले. मी, वहिनी, मेयर आणि मायलिस, चौघंही चिखलात. मायलिस इतकी हसली की तिथंच बसकण मारली. त्या दिवसापासून तिला बोलवावं लागलं नाही.

तिकडे नादेजनं घरातल्या बाटल्या बंद केल्या आणि संध्याकाळी लेकीबरोबर पायी फिरायला लागली. माझ्या लाह्याही जप्त झाल्या. बुधवारचं कपाट रिकामं होत गेलं. आमच्या घराण्यात खायचं टाकायची पद्धत नाही, तेव्हा वहिनी ते कोंबड्यांना घालत असेल असं मी धरून चालले. मार्चपर्यंत मायलिस अर्ध्या चढणीपर्यंत सूर न तोडता यायला लागली. मे महिन्यात तर फाटकापर्यंत. दर बुधवारी निघताना वहिनी तिच्या बरगडीला हात लावायची आणि मान हलवायची. मायलिसही कोठीतल्या बदकांवर हात ठेवून शिकायला लागली. आधी चुकायची, मग चुकेनाशी झाली.

सहा महिने झाले. परत तुलूझ. आदल्या रात्री वहिनीला झोप लागली नव्हती, हे तिनं चपला वेगवेगळ्या घातल्या होत्या त्यावरून कळलं. डॉक्टरबाई यंत्र लावणार एवढ्यात ती म्हणाली, "थांबा. आधी मी."

डॉक्टरबाई मुकाट्यानं बाजूला झाल्या. वहिनीनं हात लावला, डोळे मिटले. नादेजनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"बाजारात कुणी फुकटसुद्धा घेणार नाही," वहिनी म्हणाली.

यंत्र लागलं. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला आणि हसल्या. "अजून थोडं बाकी आहे, पण जवळजवळ निरोगी. रक्ताचे आकडेही खाली आलेत. असंच चालू ठेवा."

माल वाया गेला म्हणून आनंदानं नाचलेली वहिनी मी त्या दिवशी पाहिली. व्हरांड्यात भेटेल त्याला ती मायलिसला पुढं करून सांगत होती, "भिकार लिव्हर! कवडीचं नाही! बघा, बघा!" एका वॉर्डबॉयनं तिचं अभिनंदन केलं. नादेज रडत आणि हसत होती. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "बुधवार तुझा, आई."

पुढच्या बुधवारी वहिनीनं टेबलावर नवा टेबलक्लॉथ घातला. सूप केलं, पाला केला, आणि स्वतःसाठी म्हणून एक छोटीशी बशी बाजूला ठेवली. तिच्यात गोड पावाचा तुकडा होता. बुधवारच्या कपाटातला शेवटचा.

मायलिसनं बशी पाहिली. मग रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. मग आजीकडे, तिच्या ताणलेल्या एप्रनकडे. मीही पाहिलं, आणि कोंबड्या सहा महिने उपाशीच होत्या हे माझ्या ध्यानात आलं.

"आजी, हात वर कर."

"माझा कशाला? म्हातारीचं काय बघायचंय!"

"वर कर म्हटलं ना."

वहिनीनं हात वर केला. मायलिसनं तिच्या उजव्या बरगडीखाली तळहात लावला आणि डोळे मिटले, अगदी तिच्यासारखेच.

"पहिली प्रत," ती म्हणाली. हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहा महिने देते, आजी. नाही उतरलं तर बुधवार बंद."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी सुपात तोंड घातलं. तिनं बशीकडे एकदा पाहिलं, ती माझ्याकडे सरकवायला गेली, मायलिसनं डोळे वटारले तशी हात मागं घेतला. मग उठली, एप्रन सोडून खुंटीला लावला आणि दाराशी जाऊन रबरी बूट चढवायला लागली.

थोड्या वेळानं उतारावर ट्रॉम्बोन वाजला. पुढं मायलिस, मागं साठ बदकं, आणि सगळ्यांत शेवटी, धापा टाकत, "थांबा की गं जरा!" असं ओरडत माझी वहिनी.