भाव न सोडणारा साडू

या जगात प्रत्येक माणूस भाव सोडतो, या एका विश्वासावर मी माझं आयुष्य उभं केलं आहे. डॉक्टर सोडतात, वकील सोडतात, गुरुजी दक्षिणेत सोडत नसले तरी विधीत सोडतात. सोडत नाही तो फक्त माझा साडू. रायपूरच्या भनपुरीत दुसऱ्याच्या दुकानात ट्रकच्या कमान्या खांद्यावर वाहून मी सुरुवात केली. आज त्याच रस्त्यावर सुट्या भागांचं माझं स्वतःचं दुकान आहे, आणि ते मी जिभेच्या जोरावर मिळवलेलं आहे. माझ्यासमोर बसून भल्याभल्या एजंटांनी रुमालानं कपाळ पुसलं आहे. पण हा किडकिडीत माणूस, जो घरी हाफपँट घालून जेवणाच्या टेबलावर धंदा करतो, तो एकदा भाव सांगतो आणि पाणी पितो. बस. सावकाश, एकेक घोट. त्याचा पेला रिकामा होईपर्यंत समोरच्यानं हो म्हटलेलं असतं. मी स्वतः म्हटलेलं आहे, आणि ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तो वेबसाइट बनवतो आणि उरलेल्या वेळात मोबाइल, कॉम्प्युटर, असल्या गोष्टींवर मराठीतून लेख लिहितो. नोकरी कुणाची करत नाही. माझ्या मेहुणीसाठी त्याचं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी चौकशीला मलाच पाठवलं, कारण खोटा माल मी वासावरून ओळखतो अशी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात माझी ख्याती. मी विचारलं, "दुकान कुठं आहे?" त्यानं मांडीवरचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "हे काय भाऊ, उघडंच आहे नं." मी परत येऊन सासऱ्यांना सांगितलं, पोट्टा चांगला आहे, पण त्याच्या धंद्याला शटर नाही; धंदा चालू आहे का बसला, हे बाहेरून कळणार कसं? लग्न झालं. पण सासूबाई अजून शेजारणींना "छोटे जावई घरीच असतात" असं ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात लोक दुखणाईताबद्दल बोलतात. आणि घरीच असतात म्हणून सगळ्या नातेवाइकांचे रिमोट, मिक्सर, गॅसचं बुकिंग आणि म्हाताऱ्यांचे पेन्शनसाठी हयातीचे दाखले त्याच्याकडे. तो सगळं करतो. मी आत्ता काम करून राहिलो, असं त्याच्या तोंडून कधी निघत नाही. मी असतो तर एकेकाला जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

त्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. चहा झाला की तो एक लाकडी पेटी उघडतो. तिच्यात काच तडकलेले, बटणं घासलेले, लोकांनी फेकून दिलेले जुने मोबाइल असतात. बनवलेलं प्रत्येक पान तो त्या सगळ्यांवर उघडून पाहतो. मग भर दुपारी, मे महिन्यात, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली सावलीला सरकलेली असतात तेव्हा, हा गच्चीवर जाऊन उन्हात उभा राहतो आणि मोबाइलमध्ये पाहतो. पलीकडच्या बाईंनी माझ्या मेहुणीला हळूच विचारलं होतं, "दीदी, भैया ठीक तो हैं न?" मीही विचारलं. तर म्हणाला, "भाऊ, ज्याले पत्ता पाह्यचा असते, तो रस्त्यावर उभा असते. ए.सी.त नसते." तिथून तो कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जातो, ठेलेवाल्याचाच मोबाइल मागतो, त्यात आपलं पान उघडून त्याच्याच हातात परत देतो आणि समोर उभा राहतो. पडद्याकडे पाहत नाही, ठेलेवाल्याच्या अंगठ्याकडे पाहतो. अंगठा कुठं अडला, कुठं परत फिरला. चुन्यानं माखलेल्या त्या एका अंगठ्यासाठी त्यानं आठवड्याचं काम मोडून पुन्हा केलेलं मी पाहिलं आहे.

कुणाचंही काम घेतलं की आधी तो तिथं जाऊन बसतो. बोलत नाही, नुसता बसतो. दातांच्या एका डॉक्टरचं काम होतं, तर हा गालाला हात लावून सकाळभर बाहेरच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत. दात दुखणाऱ्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते, असा त्याचा शोध. म्हणून पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात "आज डॉक्टर बसले आहेत" एवढंच, आणि डॉक्टरांच्या पदव्या आणि मंत्र्यांना हार घालतानाचा फोटो पार तळाला. डॉक्टर रुसले. ह्यानं पाणी मागवलं. फोटो आजही तळालाच आहे.

त्याच्या लेखांची गोष्ट आणखी वेगळी. दर गुरुवारी तो माझ्या दुकानात यायचा, काउंटरच्या आतल्या लाकडी स्टुलावर बसायचा आणि नवीन लेख मला वाचून दाखवायचा. मला साहित्यातलं काही कळत नाही. त्याला ते नकोच असतं. माझा राग त्याला हवा असतो. "तुम्हाले जिथं राग येते भाऊ, तिथं वाक्य नासलेलं असते," असं तो म्हणतो, आणि मी चिडलो की चष्म्यावरून माझ्याकडे पाहून तिथं लाल खूण करायचा. एकदा त्यानं फोटो 'क्लाउड'वर कसे ठेवावेत हे वाचायला घेतलं. तिसऱ्याच ओळीला मी बिल आपटलं. "अबे, ढगात काहून ठेवतो? दुसऱ्याच्या गोदामात आपला माल ठेवला, असं सरळ लिही नं." त्यानं खूण केली, तसंच लिहिलं, आणि लोकांना तो लेख फार आवडला म्हणतात. माझं नाव कुठं आलं नाही. आणखी एकदा मी चिडलो ते लेखावर नाही, दारात ट्रक आडवा लावणाऱ्या ड्रायव्हरवर. ह्यानं तरी खूण केलीच, आणि घरी जाऊन चांगला परिच्छेद काढून टाकला. मी म्हटलं, अरे तो राग वेगळा होता. तर म्हणतो, "असू द्या भाऊ. तुमचं ध्यान ट्रककडे गेलं, म्हणजे परिच्छेदानं धरलं नव्हतं."

आता माझ्या दुखण्याकडे येतो. समोरच्या बाजूला एक नवीन दुकान झालं. काचेचं दार, आत गारवा, आणि वेबसाइटवर एकूणएक वस्तूचे भाव. ड्रायव्हर माझ्या काउंटरवर उभे राहून माझ्याच नाकासमोर मोबाइल धरू लागले: "सेठ, सामने तो इतने में दे रहा है." पहिल्यांदा मी ओरडलो. मग ओरडायलाही कुणी येईना. दुपारी दुकानात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, जो मी कधी ऐकला नव्हता. ज्याच्याजवळ बोलण्याशिवाय दुसरं भांडवल नाही, त्याच्याशी कुणी बोलायलाच आलं नाही तर दुकान राहतं कशावर? बायको म्हणाली, "तुमच्या साडूले सांगा नं. सगळ्या गावाच्या वेबसाइटी करून राहिले ते, घरचंच दुकान राह्यलं."

सांगितलं. तो म्हणाला, घरचं काम आहे, पैसे घेणार नाही. मी म्हटलं, घ्यावेच लागतील, फुकटच्या मालावर ओरडता येत नाही. मग त्यानं भाव सांगितला. मी सवयीनं निम्मा केला. तो "हव" म्हणाला. मला वाटलं, जिंकलो. चार दिवसांनी त्यानं पान दाखवलं: दुकानाचं अर्धं नाव, अर्धा पत्ता, आणि फोन नंबरचे पुढचे आकडे गायब. मी काही बोलण्याआधी त्यानं स्टुलाशेजारच्या माठातून पेला भरून घेतला.

पूर्ण भाव ठरला, आणि तो येऊन बसू लागला. दररोज, सकाळपासून. गिऱ्हाईक कमीच होतं, पण जे येत होतं त्याच्याशी मी कसा बोलतो ते पाहत. एक दिवस एक ड्रायव्हर आला, बस्तरकडे माल घेऊन निघालेला, ब्रेकचे लायनर हवे होते, सगळ्यात स्वस्तातले. मी विचारलं, "केशकाल से उतरेगा?" तो म्हणाला, हो. मी ते स्वस्तातले लायनर त्याच्या हातातून काढून घेतले. घाट उतरायचा आणि हे लावायचे? घरी बायकापोरं आहेत की नाहीत? नाही देत, जा, समोर जा. तो गेला. मंदीच्या दिवसात आलेलं गिऱ्हाईक मी हाकललं. थोड्या वेळानं तोच परत आला आणि मान खाली घालून चांगले लायनर घेऊन गेला. साडू स्टुलावर बसून होता. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

मग पान आलं. मला वाटलं होतं दुकानाचा फोटो असेल, माझा फोटो असेल, मागे ट्रक धावत असतील, 'छत्तीसगढमध्ये एक नंबर' असं काही असेल. पांढऱ्या पानावर दुकानाचं नाव, पत्ता, केवढा तरी मोठा फोन नंबर, आणि खाली हिंदीत तीन वाक्यं: "भाव फ़ोन पर। सेठ गुस्सा करते हैं। घाट की गाड़ी के लिए हल्का माल माँगोगे तो ज़्यादा करेंगे।"

मी त्या दिवशी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तात्पर्य एवढंच की सगळ्या दुनियेत माझी बदनामी करायला मी पैसे मोजले होते का. तो ऐकत होता. मी म्हटलं, ठीक, 'गुस्सा'च्या जागी 'सख़्त' कर. नाही. बरं, तिसरं वाक्य राहू दे, दुसरं काढ. नाही. "एकही शब्द कमी होणार नाही, भाऊ." मी म्हटलं, "काहून? दुकान माझं, राग माझा." तो म्हणाला, "समोरच्याजवळ भाव आहे. तुमच्याजवळ हे आहे. हे काढलं तं मंग तुमच्याजवळ काय राह्यलं?" आणि पाणी प्यायला.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. फोन वाजायला लागले. कांकेरहून, जगदलपूरहून, कुठल्या कुठून. "वो गुस्सेवाले सेठ से बात कराइए," असं लोक मलाच म्हणायचे. माझ्याशी भाव करायला माणसं पुन्हा भेटली, आणि मला आठवलं की मला भाव करायला किती आवडतं. एक दिवस कोंडागावहून एका बाईचा फोन आला. नवऱ्याची गाडी दुकानाकडे निघाली आहे, म्हणाली, "भैया, ये सस्तावाला लगवाने बोलेंगे. ज़रा डाँट देना इनको." तो आला तेव्हा मी त्याला इतका ओरडलो की शेजारचे टायरवाले बाहेर आले. तो जाताना पाया पडून गेला. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू येईनासा झाला. तरी माझी तक्रार कायम होती. दर गुरुवारी लेख संपला की मी म्हणायचो, आता ती ओळ काढ. तो म्हणायचा, नाही. हे इतक्या वेळा झालं की ते आमचं राम राम म्हणण्यासारखं झालं.

या उन्हाळ्यात मेहुणीची बदली अंबिकापूरला झाली. ती बँकेत आहे. त्याला काय, शटर नसलेला धंदा, कुठूनही उघडतो. निघायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला, मोबाइलांची पेटी गाडीत तशीच ठेवून. माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडून दिलं, पासवर्ड माझ्याकडून पाठ करून घेतला, ओळ कशी खोडायची, नंतर कुठं दाबायचं, ते दोनदा दाखवलं. म्हणाला, "आता मालक तुम्ही, भाऊ. काढाची असंल तं काढा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं भाव सोडला, आणि मला घेता आला नाही.

ओळ तशीच आहे. एकदा उघडली होती. तिच्या शेवटी ती उभी काडी लुकलुकत होती, माझीच वाट पाहिल्यासारखी. तेवढ्यात बिलासपूरचा फोन आला, मग राहून गेलं.

गुरुवारचं वाचन आता फोनवर होतं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहणारं समोर कुणी नाही, म्हणून मला तोंडानं सांगावं लागतं, इथं चिडलो, पुन्हा वाच. स्टूल काउंटरच्या आतच आहे. एका गिऱ्हाइकानं बसायला ओढलं तेव्हा त्याला बोललो, मग त्याच्यासाठी खुर्ची मागवली. मागच्या गुरुवारी लेख लांब होता आणि मी पूर्ण ऐकला, एकदाही अडवलं नाही. तो मध्येच थांबला. पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ," तो म्हणाला, "बरे आहात नं?"

मी म्हटलं, "वाच पुढं."