कळंबचा ओटीपी

कोणतीही बिघडलेली वस्तू हातात आली की तात्या आधी तिचा वास घेत. मिक्सर, इस्त्री, मोबाइल, एकदा तर कोपऱ्यावरच्या घराची दारावरची बेल. डोळे मिटायचे, नाक जवळ न्यायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि निकाल सांगायचा.

"वास न्हाय. म्हंजे जळलेलं न्हाय. नुसतं रुसलंय."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. वस्तू दुरुस्त होवो न होवो, तो येऊन गेला की घरातल्यांना बरं वाटतं. आमचे तात्या त्यातले. सगळे त्यांना तात्याच म्हणत, मीही इथं तेवढंच म्हणतो.

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात, दूध उतरवून घेतात त्या धक्क्यावर, त्यांची उभी नोकरी गेली. गावोगावचे कॅन यायचे. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि ठरवायचं, हे आत, हे परत. पुढे तपासणीची यंत्रं आली. पण यंत्राचा आकडा पटला नाही की साहेब तात्यांचं नाक बोलवायचे. निवृत्तीनंतरही ते नाक काही निवृत्त झालं नाही. मूळचे सणसरचे, इतकी वर्षं शहरात राहून बोली तशीच. चहा मात्र कोरा. "जल्मभर दुधाचाच वास घेतला सर," ते म्हणायचे, "आता कपात तरी त्यो नको."

त्यांचं दुसरं वाक्य असं होतं : "दूध पिशवीत नासत न्हाय. पिशवीत नुसतं कळतं." गिऱ्हाइकाची तक्रार आली की पिशवीला दोष देऊन भागत नाही. पिशवीकडून टाकीकडे, टाकीकडून टँकरकडे, टँकरकडून गावातल्या कॅनकडे जायचं. मागं मागं. तात्या जगातली प्रत्येक गोष्ट अशीच तपासत. रस्त्यात दोघांचं भांडण लागलं, तरी "आधीच्या कॅनात काय झालं?" असं विचारत मध्ये पडत.

माझा आणि त्यांचा खरा परिचय झाला तो स्वयंपाकघरातल्या स्पीकरमुळे.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पत्नी शाळेत शिक्षिका. तिनं निवृत्तीनंतर एक गोल स्पीकर आणला आणि मोबाइलमधल्या गाण्यांच्या ॲपवर एक यादी केली. यादीचं नाव 'सकाळ'. रोज सातला ती लागायची आणि मी तिच्याखाली बसून वर्तमानपत्र वाचायचो. वर्षानुवर्षं हे चाललं. मग पत्नी गेली, आणि पाच महिने मी घरात काही वाजू दिलं नाही.

मग एका सकाळी ते सगळं ऐकावंसं वाटलं. आणि लक्षात आलं की त्या यादीत कोणती गाणी आहेत, हे मला ठाऊकच नाही. बुद्धवंदनेनं सुरुवात व्हायची, एवढं नक्की. पुढचं काही नाही. आयुष्यभर मी याद्या केल्या. घरात मी न केलेली यादी एकच होती, आणि तीच मी वाचली नव्हती.

स्पीकर लावला. तो मुका. दुकानातला मुलगा येऊन म्हणाला, "सर, स्पीकर गेला. नवीन घ्या." त्याच वेळी समोरच्या घरातून तात्या आले होते, वर्तमानपत्र मागायला. ते मुलाकडे बघत म्हणाले, "पिशवी बदलली की दूध गोड व्हतं व्हय रं?"

मुलगा गेला. तात्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. ही धक्क्यावरची सवय. हात धुतल्याशिवाय ते टॉर्चलाही शिवत नसत. स्पीकरचा वास घेतला. मग स्वतःचा मोबाइल त्याला जोडून बाजारभावाच्या बातम्या लावल्या. स्पीकर खणखणीत आवाजात कांद्याबद्दल बोलू लागला.

"पिशवी चांगली हाय. आता टाकी. इंटरनेटचा डबा कुठं हाय?"

मी पुस्तकांचं कपाट उघडलं. डबा पूर्वी बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर असे. तिथं पत्नीचा फोटो ठेवायचा होता, म्हणून मी तो लोखंडी कपाटात, विश्वकोशाच्या खंडांमागे नीट लावून दिला होता.

तात्या त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. "सर, ह्याला श्वास कुठनं घेऊ म्हणता?"

डबा बाहेर आला, खिडकीत बसला. मोबाइलवरच्या रेघा भरल्या. तरी गाणं नाही. आता ॲप विचारत होतं, नंबर टाका, ओटीपी येईल.

हा मोबाइल पत्नीचाच. माझा साधा बटणाचा होता. ती गेल्यावर मी तिचा वापरायला घेतला, दुकानात देऊन आतलं सगळं पुसून घेतलं आणि माझं सिम घातलं. ॲपला मात्र तिचाच नंबर हवा होता.

"मग त्यो नंबर कुठाय?"

"बंद केला."

"कुणी?"

"मी. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर लगेच." आणि उगीच पुढे बोललो, "सभासद गेला की कार्ड रद्द करायचं असतं."

गावातला कॅन सापडला होता. तात्या नुसतं "हां" म्हणाले आणि कोरा चहा संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांच्या चांगुलपणाचा मला आलेला तो पहिला पुरावा. दुसरा कोणीही असता तर दूध पिशवीत नासत नाही, हे तेव्हा ऐकवल्याशिवाय राहिला नसता.

"लावून तरी बघा नंबर," ते मग म्हणाले.

मी लावला. तिकडे घंटा वाजली आणि एका बाईचा आवाज आला, "कोण पायजे?"

त्या नंबरावर बाईचा आवाज. मी फोन ठेवून दिला. तात्यांनी आपल्या मोबाइलवरून तोच नंबर लावला.

"आक्का, नमस्कार. तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगता का?"

पुढचा मिनिटभर तात्या ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. मलाही काही शब्द ऐकू आले. "मुडद्या" हा त्यातला सौम्य.

"बाई हुशार हाय," फोन ठेवून ते कौतुकानं म्हणाले. "म्हणती, हितं कळंबात ये, मग दावते तुला ओटीपी. बोलावलंय की तिनं! चला."

मी म्हणालो, "तात्या, ती धमकी होती."

"पत्ता दिला का न्हाय? मग?"

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघालो. पाच महिन्यांत मी भाजी आणण्यापलीकडे कुठं गेलो नव्हतो. वाटेत सणसरला त्यांनी तीन ठिकाणी गाडी थांबवली आणि तीन माणसांना सांगितलं, "सरांचं गाणं कळंबात अडकलंय, सोडवायला चाललोय." कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कळंबला पोचल्यावर तात्यांनी पुन्हा नंबर लावला. "आक्का, आलो. आता कुठं यायचं?"

पलीकडून गोंधळलेल्या आवाजात, "पाण्याच्या टाकीच्या मागं."

बाई अंगणात भेंडी निवडत बसल्या होत्या. साठीच्या असतील. शेजारी हिरव्या क्रेटांची रांग आणि हाताशी विळा. विळा कामासाठी होता की आमच्यासाठी, ते सांगता येत नव्हतं.

"आलात व्हय खरंच?"

"तुमीच बोलावलं की," तात्या म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी एक भेंडी उचलून वास घेतला. "सकाळची तोड. झकास."

"हे काय माणूस हाय म्हणायचं!" बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय?"

मी वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकच बाहेर आलं. "हा नंबर आधी माझ्या पत्नीचा होता. ती गेली."

बाईंनी विळा बाजूला ठेवला.

"शाळेतल्या बाई का?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"फोन येत्यात की मला. 'बाई, मी पास झालो.' 'बाई, मला पोरगी झाली.' पहिल्यांदा म्हणलं, राँग नंबर. पण पोरं किती हरखून बोलत्यात हो. न्हाय म्हणायला जीभच वळंना. मग मीच म्हणते, बरं झालं बाबा, जिवाला जप, आईला पेढा दे." मग त्या जराशा ओशाळल्या. "चुकलं का माझं?"

मी नकारार्थी मान हलवली. तात्या भेंडीच्या क्रेटकडे फार बारकाईनं बघत होते.

"पण ओटीपी सांगणार न्हाय," बाई एकदम सावरून बसल्या. "बँकेतल्या म्याडमनी बजावलंय. सख्ख्या भावाला सांगायचा न्हाय."

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. "सांगूच नका. तुमीच दाबा."

हा तोडगा त्यांना पटला. मी ॲपवर नंबर टाकला. त्यांच्या फोनवर संदेश आला. त्यांनी चष्मा शोधला, तोवर मुदत संपली. दुसरा आला, तेव्हा माझा मोबाइल हातात कसा धरायचा यावर चर्चा झाली, तोही गेला.

"दुधापेक्षा लवकर नासतंय की हे," तात्या म्हणाले.

"तुमी गप बसा. आकडे येत्यात मला, रोज वजनकाटा वाचते." तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही मोबाइल पदराखाली घेतले, आम्हाला पाठ फिरवायला लावली आणि एकेक आकडा पुटपुटत दाबला. इतक्या मोठ्यानं पुटपुटल्या की मला तो ओटीपी अजून पाठ आहे.

'सकाळ' उघडली. अकरा गाणी. मी चष्मा पुसून यादी वरून खाली वाचली आणि मग वंदना लावली. भेंडीच्या क्रेटवर ठेवलेल्या मोबाइलमधून ते ओळखीचे स्वर निघाले. तात्यांनी टोपी काढली, बाईंनी हात जोडले. वंदना संपली, आणि त्यामागून ढोलकी कडाडली.

लावणी होती. चांगली ठसकेबाज.

"सर," तात्या हळूच म्हणाले, "ही शाळेतल्या बाईंच्याच यादीतली का?"

तिच्याच. इतकी वर्षं, रोज सकाळी सव्वासातला, मी लावणीखाली बसून अग्रलेख वाचत होतो. बाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, मग तात्या, आणि पाच महिन्यांनी मीही. हसता हसता डोळे पुसावे लागले, ते कोणी पाहिलं नाही असं दोघांनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सातला स्वयंपाकघरात स्पीकर सुरू झाला. ढोलकी वाजली तेव्हा समोरच्या ओट्यावर तात्यांनी कोऱ्या चहाचा कप उंचावला.

ॲप दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रुसायचं आणि ओटीपी मागायचं. मग आमची कळंबवारी. बाई पदराखाली आकडे दाबत, आम्ही पाठ फिरवत असू. कोरा चहा व्हायचा आणि मधल्या काळात कुणाकुणाचे फोन आले त्याचा वृत्तान्त व्हायचा. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं. निघताना भेंडी मिळायची. मला भेंडी आवडत नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मला ॲपमध्ये एक ओळ दिसली : 'नंबर बदला.' मी ती तात्यांना दाखवली. "इथं माझा नंबर टाकला तर यावंच लागणार नाही."

त्यांनी ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल नाकाशी नेऊन वास घेतला.

"नको सर. चालू पंपाला पाना लावू न्हाय."

मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. ग्रंथपालाला आपण शहाणे आहोत असं वाटण्याची खोड असते. कळंबहून परतताना मी सणसरच्या माणसांशी बोलायला लागलो होतो, आणि रविवारी दाढी करायला लागलो होतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या आलं असावं. स्पीकर कधीच सुधारला होता. ते अजून मागं मागं जात होते.

गेल्या महिन्यात तात्या गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. एमआयडीसीतल्या पोरांच्या मोटारसायकली गल्लीच्या टोकापर्यंत लागल्या होत्या. मी दिवसभर त्यांच्या घरी होतो. कुणीतरी सगळ्यांसाठी चहा आणला, दुधाचा. त्यांच्या सूनबाईंनी ट्रे पाहिला आणि तोंड फिरवलं.

मागच्या आठवड्यात ॲप पुन्हा रुसलं. 'नंबर बदला' ही ओळ तिथंच होती. बोट तिच्यावर नेलं, आणि काढून घेतलं. एसटी धरली आणि कळंबला उतरून पाण्याच्या टाकीमागे गेलो.

बाईंनी मला लांबूनच पाहिलं आणि चूल पेटवायला आत गेल्या. तीन कप घेऊन बाहेर आल्या. मग माझ्यामागच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं.

"वास घेणारं पाव्हणं कुठं हायेत?"

मी मान खाली घातली. त्यांनी तिसरा कप हळूच क्रेटवर ठेवला, माझा मोबाइल मागितला आणि पदराखाली घेतला. मी पाठ फिरवली. मागून एकेक आकडा पुटपुटल्याचा आवाज येत राहिला, या वेळी जरा जड.

वंदना झाली. ढोलकी सुरू झाली. कोणी हसलं नाही, पण कोणी ती बंदही केली नाही.

मी माझा कोरा चहा उचलला आणि पिण्याआधी, डोळे मिटून, त्याचा वास घेतला.