गाढवे, सुरमई आणि पासपोर्ट

मराठी माणसांच्या ऑनलाइन ग्रुपची ॲडमिन होणं म्हणजे दाराबाहेर तक्रारपेटी टांगून आत झोपायला जाणं. बहारीनमधल्या आमच्या ग्रुपची मी सहा वर्षं ॲडमिन आहे. दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि संध्याकाळी माहूजच्या फ्लॅटमध्ये बसून कोणी काय बोलावं ते ठरवते. दुसरे ॲडमिन मुश्ताकभाई. मूळचे रत्नागिरीचे, मनामात त्यांचं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान आहे. आमच्यातला फरक असा की मला वाटतं, लोकांना बोलू द्यावं. त्यांना वाटतं, आधी लोकांना वाचवावं. सहा वर्षांत आम्ही दोघंही बरोबर ठरलेलो नाही.

*

सुरुवातीला ग्रुपवर शिवीगाळ फार व्हायची. मुश्ताकभाईंनी एक यादी केली. त्यातला शब्द पोस्टमध्ये आला की पोस्ट आपोआप अडायची. जड शब्द होतेच, पण सभ्य लोकांसाठी 'गाढव'ही घातला होता.

पंधरा दिवसांनी एका इंजिनिअरचा फोन आला. आवाज शांत होता.

"मॅडम, मी गाढवे. तीन वेळा फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात टाकली. दिसत नाही."

मी म्हटलं, "खाली नाव लिहिता का?"

"लिहितो ना. आडनाव बदलून टाकू का?"

*

एकदा एका क्लार्कने आपल्या मॅनेजरबद्दल तीन परिच्छेद लिहिले. नाव, हुद्दा, सगळं. मी दहा मिनिटांत पोस्ट काढली. त्याचा लगेच मेसेज: "ताई, इथेही मुस्कटदाबी? मॅनेजर केरळचा आहे, त्याला कुठे मराठी वाचता येतं?"

मुश्ताकभाईंनी उत्तर दिलं, "त्याला नाही येत. त्याच्या फोनमधल्या भाषांतराच्या बटणाला येतं."

अर्ध्या तासाने आलं: "ताई, कोणी स्क्रीनशॉट तर नाही ना घेतला?"

*

बुसैतीनला सावंतकाका एकटे राहतात. एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. रोज सकाळी सहाला ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. लोक वैतागले, मतदान झालं आणि शुभ सकाळवर बंदी आली. काकांनी ती निमूट पाळली.

तिसऱ्या दिवशी मला सांगलीहून फोन. त्यांची मुलगी.

"बाबा बरे आहेत ना? फोन करून त्रास दिलेला त्यांना आवडत नाही. म्हणून मी रोज सकाळी ग्रुपवर ते फूल बघते आणि कामाला लागते."

आता आमच्या नियमांत सातवं कलम आहे: शुभ सकाळला सक्त मनाई. सावंतकाका वगळून.

*

पुण्याच्या एका वहिनींनी सुरमईच्या कालवणाचा फोटो टाकला. कोकम संपलं होतं म्हणून टोमॅटो घातला, असं प्रामाणिकपणे लिहिलं. तासाभरात कोणीतरी त्या फोटोविरुद्ध तक्रार नोंदवली. तक्रारीचं कारण यादीतून निवडावं लागतं. निवडलेलं कारण होतं, 'हिंसक दृश्य'.

तक्रारदाराचं नाव पाहिलं. मुश्ताकभाईंची बायको.

मी मुश्ताकभाईंना फोन केला. ते म्हणाले, "वैनी, यात मी न्याय करू शकत नाही. मला याच घरात जेवायचं आहे."

*

ग्रुपवर नाव न देता लिहायची सोय आहे. लिहिणाऱ्याचं नाव फक्त आम्हा दोघांना दिसतं.

मागच्या वर्षी अशी एक पोस्ट आली. "माझा पासपोर्ट नवऱ्याने कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. आई आजारी आहे. मागितला की म्हणतो, बघू. काय करावं?" चार ओळी. गावाचं नाव नाही, भागाचं नाही.

नाव मी ओळखलं. दिवाळीच्या कार्यक्रमात एकदोनदा भेटलेली, हळू बोलणारी मुलगी.

मुश्ताकभाई म्हणाले, "काढा. नवऱ्याला कळलं तर?"

मी म्हटलं, "काढली तर ती विचारणार कुणाला?"

शेवटी तिलाच मेसेज करून विचारलं. कुठे मदत मिळेल तेही सांगितलं. ती म्हणाली, "आधी राहू दे. कोणीतरी वाचू दे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिला फोन आला. कोणी एक गृहस्थ. "मॅडम, ती पासपोर्टची पोस्ट काढा. घरातली गोष्ट आहे."

"कोणाच्या घरातली?"

"आमच्या."

संध्याकाळपर्यंत असे चार नवरे झाले. चौघांची खात्री होती की पोस्ट त्यांच्याच बायकोची आहे. चौघांनाही मी सांगितलं, "ही तुमच्या मिसेसची नाही." खरंच नव्हती. खऱ्या नवऱ्याचा फोन आला तर त्यालाही हेच सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. खोटं बोलायची तयारी म्हणून मी दोनदा पाणी प्यायले.

त्याचा फोन आलाच नाही. रात्री जेवण उरकताना मुश्ताकभाईंचा मेसेज आला: "वैनी, कमेंट बघा."

पोस्टखाली तिच्याच नवऱ्याने स्वतःच्या नावाने, फोटोसकट लिहिलं होतं: "लाज वाटली पाहिजे अशा माणसाला. बायको म्हणजे कैदी आहे का? ताई, घाबरू नका, सगळे मराठी तुमच्या पाठीशी आहोत." खाली सत्तर-ऐंशी लाइक.

"ठेवायची की काढायची?" मुश्ताकभाईंनी विचारलं. आम्ही दोघांनीही काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "पासपोर्ट मिळाला. तिकीट त्यांनीच काढलं. शुक्रवारी निघते."

मी विचारलं, "मग आता पोस्ट काढून टाकू?"

"नको. पोस्ट काढली तर त्यांची कमेंटही जाईल."